दंडोबाच्या तिसऱ्या चढावर

मे महिन्यातला शेवटचा रविवार. दुपारचे दोन वाजले असतील. मी हॉलमध्ये चटई टाकून पडले आहे. अंघोळ झाली आहे, जेवण झालं आहे आणि पोटऱ्यांमध्ये सकाळचे चढ अजून ठणकत आहेत. आमचा क्लब आज सहा आठवड्यांनी पुन्हा दंडोबाच्या डोंगरावर पळून आला. शिकलगार सर गेल्यापासून पहिल्यांदाच.

सर मिरजेच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनीच हा क्लब सुरू केला. एक डॉक्टर, दोन वायरमन, बालवाडीच्या बाई, माझ्यासारखी मेडिकलचं दुकान चालवणारी, ज्याला पळायचंय तो आमचा. सर सगळ्यात शेवटी पळायचे. मागं कुणी राहता कामा नये, म्हणायचे. एप्रिलमध्ये त्याच डोंगरावर, तिसऱ्या चढाखाली, ऊन लागून ते गेले. त्या दिवशी त्यांच्या पुढं सगळ्यात जवळ मी होते.

आज सकाळी डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांवर आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. डॉक्टरांचे डोळे वाहत होते. मी बुटांकडं बघत होते आणि घरातलं दही संपलंय, एवढंच माझ्या मनात येत होतं. सहा आठवडे असंच चाललंय. दुकान उघडते, गोळ्या देते, झोपते. रडू येत नाही. जीभ भाजल्यावर चव जाते ना, तसं.

डोळे मिटतात. पंख्याचा आवाज लांब जातो. फरशी गार असते, मग कोमट होते, मग पाठीखाली मुरूम टोचायला लागतो.

मी दुकानात काउंटरमागं उभी आहे. समोर सर. निळा टी-शर्ट, डोक्यावर ओला रुमाल. सर गेलेत हे मला माहीत आहे. तरी नवल वाटत नाही.

"मगदूम," ते म्हणतात. शाळेतल्या सवयीनं ते आम्हा सगळ्यांना आडनावानंच हाक मारायचे. "पाणी दे गं जरा."

मी मागं वळून बघते. फळ्यांवर नुसती औषधं. पाणी कुठंच नाही.

"सर, इथं नाहीये."

"असू दे. वर मिळंल."

काउंटर संपतो तिथून पायवाट सुरू होते. आम्ही पळतोय. ऊन पांढरं आहे, सावली कुठंच पडत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंनी चुन्याच्या रेघा मारल्यात, शाळेच्या मैदानावर मारतात तशा. सर माझ्या शेजारून पळतायत. त्यांना दम लागत नाही. मला लागतो.

"त्या दिवसानंतर आमच्या घरी गेलीस का कधी?" सर विचारतात.

"नाही."

"का?"

"जमलं नाही, सर."

पायाखालून खडी सरकत राहते.

आता आम्ही त्यांच्या घरात आहोत. मी इथं पूर्वी एकदाच आले होते, ईदला. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी, रेहानाभाभी, पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडतायत. खोलीला चढ आहे. ताट घसरू नये म्हणून त्यांनी पायानं अडवून धरलंय. त्यांना आम्ही दिसत नाही.

मी हळू आवाजात म्हणते, "सर, त्या दिवशी मी वळून बघितलं होतं."

"ठाऊक आहे."

"तुम्ही झाडाखाली बसला होता. हात हलवला होता."

"हलवला होता की."

सहा आठवडे हे मी कुणाजवळ बोललेले नाही. सगळ्यांना मी सांगितलं, सर म्हणाले, तू हो पुढं. खरं तर ते काहीच म्हणाले नव्हते. नुसता हात हलला होता. चेहरा पांढरा पडला होता, तेही मला एवढ्या लांबून दिसलं होतं. उन्हानं पडलेली माणसं माझ्या दुकानात दर वर्षी येतात. तरी मी वळले आणि वर गेले, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच मला न थांबता चढ पुरा करायचा होता. डॉक्टर वरून धावत उतरले तोवर उशीर झाला होता.

"जा म्हणत होता का ये म्हणत होता, सर?"

सर डोक्यावरचा रुमाल काढतात, पिळतात. त्यातून थेंबही पडत नाही.

"बोलवत होतो गं," ते म्हणतात.

मला वाटतं, आता आत काहीतरी कोसळेल. काही कोसळत नाही. भाभींच्या बोटांखाली तांदूळ सरकत राहतात.

"राग आला माझा?"

"तेवढा वेळ कुठं होता?"

"मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

"तेच ही सांगत बसती," सर भाभींकडं बघून म्हणतात. "येईल त्याला सांगती. स्वतःला बरं वाटत नव्हतं, तरी माझ्या माणसानं पोरीला पुढं पाठवलं, म्हणती. तेवढ्यावर जेवती बिचारी दोन घास."

"मग मी काय करू?"

"मला काय इचारतीस? पळायचं शिकवायचो मी. हे तुझं तू बघ."

घर नाही. तिसरा चढ आहे. सर झाडाच्या बुंध्याला टेकून खाली बसतात, अगदी सावकाश.

"तू हो पुढं," ते म्हणतात. या वेळी शब्दांत म्हणतात, स्पष्ट.

मी चढायला लागते. वीस पावलं, तीस पावलं. पाय आपोआप पडतायत. मग मी वळून बघते. सर खाली बसलेत. चेहरा पांढरा. हात हलतोय.

मी खाली वळते.

उतार फार मोठा आहे. सकाळी एवढा नव्हता. "थांबा सर, आले," मी ओरडते. बूट सुटे दगड ढकलत जातात, मी घसरते, बसते, उठते. हाताला येईल ते वाळकं गवत मुठीत धरते. ते उपटून येतं. मी दुसरं धरते. झाड जवळ येतंय. सरांचा रुमाल दिसतोय, गुडघे दिसतायत. अजून दहा पावलं.

पंखा.

छत.

दारात माझे मिस्टर उभे आहेत. हातात चहाचा कप. "सुनंदा, काय गं? केवढ्यानं ओरडलीस."

मी उठून बसते. उजवा हात अंगाखाली आला होता. तो खांद्यापासून मेलाय, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लोंबतोय.

"शिकलगार सर मला बोलवत होते," मी म्हणते.

"स्वप्नात?"

"नाही. त्या दिवशी. पुढं हो म्हणाले नव्हते ते. बोलवत होते. आणि मी गेले नाही."

ते कप खाली ठेवतात आणि माझ्यासमोर फरशीवर बसतात. माझ्या उजव्या हाताकडं बघतात. मूठ घट्ट मिटलेली आहे. मला ती उघडता येत नाही, म्हणून ते एकेक बोट सोडवतात.

तळहातात कुसळ रुतलंय. वाळक्या गवताचं, बोटभर लांब, टोक कातडीच्या आत. तिथं रक्ताचा एक ठिपका आलाय.

"काढू?" ते विचारतात.

"थांबा."

अजून दुखत नाहीये. मी हात मांडीवर ठेवून बसते. आधी खांद्याला मुंग्या येतात, मग कोपराला, मग मनगटाला. मग ते टोचायला लागतं.