रिकामा टांगा

चित्रपटांचा नाद मला फार उशिरा लागला. कॉलेजात शिकवू लागून पंधरा वर्षे झाल्यावर, नव्वदीच्या दशकाच्या मध्यात कधीतरी, मी कोल्हापुरातल्या एका फिल्म सोसायटीचा सभासद झालो. चर्चेच्या वेळी मी मागच्या रांगेत बसून वहीत टिपणे घेई. तोंड उघडण्याचे धैर्य कधी झाले नाही.

शेजारच्या मावशींना त्या वहीचे मोठे अप्रूप. त्यांचे यजमान टांगा चालवीत. तरुणपणी एकदा इथल्या स्टुडिओने चित्रीकरणासाठी त्यांना टांग्यासह बोलावले होते. तो चित्रपट लागला तेव्हा मावशी बाळंतपणाला गडहिंग्लजला, माहेरी होत्या. परत येईतो तो उतरलाही. यजमान जाऊन आता नऊ वर्षे झाली होती. तोच चित्रपट सकाळच्या खेळाला लागल्याचे कळले, तशा त्या म्हणाल्या, "सर, तुमास्नी पिक्चरातलं कळतंय. मला घेऊन चला की."

थिएटर जवळजवळ मोकळेच होते. एरवी गप्प असणाऱ्या मला, का कोण जाणे, त्या अंधारात वाचा फुटली. खिडकीतला उजेड नायिकेच्या निम्म्याच चेहऱ्यावर का पाडला असावा, हे मी हलक्या आवाजात समजावू लागलो. मावशी भिडेपोटी माझ्याकडे वळून ऐकत राहिल्या. मी पुन्हा पडद्याकडे पाहिले तेव्हा एका टांग्याची मागची रिकामी बैठक कडेला नाहीशी होत होती.

त्या शेवटपर्यंत वाट पाहत होत्या. दिवे लागल्यावर म्हणाल्या, "कापलं वाटतं त्यास्नी."

"नाही, मावशी. येऊन गेले. मी बोलत होतो तेव्हा."

त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या.

मी ऑपरेटरच्या केबिनचा जिना चढलो. दार ठोठावण्यापूर्वी दोनदा परत फिरलो होतो.

"टांग्याचं रीळ पुन्हा एकदा दाखवाल का?"

"हिरॉइन बसलीया, त्यो?"

"नाही. त्यात कुणीच बसलेलं नाही."

"रिकामा टांगा बघाया एवढा जिना चढलाय व्हय, पावणं?"

ते मोठ्याने हसले. मी अडखळत सगळे सांगितले, माझी बडबडही. त्यांचे हसू ओसरले. "जावा, खाली बसा. आन् ह्या बारीला गप बसा."

दिवे विझले. मी ओठ मिटून बसलो. टांगा आला, जेमतेम आठ-दहा सेकंदांत रस्ता ओलांडून गेला.

"ह्यो फेटा आमचा न्हवं!" मावशी जवळजवळ ओरडल्याच. "कुणाचा घातलाय ह्यांनी?" मग जरा थांबून, हळूच, "दिसत्यात मात्र झ्याक."

वरच्या झरोक्यातून हाक आली, "मावशी, बघितलं का? परत लावू?"

"लाव की रं बाबा. आता घोडी बघायची हाय."