कोरडा बंब

या शहराला जळायला कोणीतरी मोकळं सोडलं आहे, आणि तो कोणीतरी रोज दुपारी जेवून झोपतो!

हे वाक्य मी अकोल्यातल्या इतक्या सभांतून ओरडलो, की कंटाळून लोकांनी मलाच आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा कॅप्टन केलं. पुढे जी फजिती झाली ती काय सांगावी! पण सांगतो. लपवून लपवूनही माणूस थकतोच की.

अमरावतीच्या कॉलेजातून नुकताच बी. ए. होऊन आलो होतो. इथली व्यवस्था काय? बंब म्युनिसिपालिटीचा, तो ओढायला बैल कचरागाडीचे, शिटी पोलिसांची आणि पाणी देवाचं! मी आठ तरुण जमवले, दर रविवारी सराव सुरू केला. चैत्रात विहिरी तळाला गेलेल्या, म्हणून नियम केला: सरावात पाण्याचा थेंबही वापरायचा नाही. बंब कोरडाच हापसायचा.

कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, म्हणजे जिनाचे, मॅनेजर अण्णाजी. त्यांना म्हटलं, "एखाद्या दिवशी मला न सांगता आमची परीक्षा घ्या. कोपऱ्यात जरा धूर करा."

"घेऊ ना जी," अण्णाजी म्हणाले. "घाई काहाची हाय?"

आठवड्याभरात भर दुपारी जिनातून धूर! आम्ही बैल पिटाळले. पाण्याची गाडी अर्थातच मागे ठेवली. परीक्षेला पाणी कशाला?

फाटकात अण्णाजी धावत आले. पागोटं गायब, धोतर अर्धं सुटलेलं.

"पाणी सोडा! कापूस पेटला! जीन गेलं तं या साऱ्या बाया उद्या खातीन काय?"

काय अभिनय! मी भारावलो.

"उत्तम, अण्णाजी! पण सरावात पाणी नाही. नियम आहे."

"अबे, सराव नोहे! खरी आग हाय!"

"अगदी अस्संच बोलायचं!"

मी घड्याळ काढलं, शिटी फुंकली. आठही जण जिवाच्या आकांताने बंब हापसू लागले. नळी थेट कापसाच्या ढिगावर! फुस्स, फुस्स, फुस्स! ढीग लालबुंद फुलला. मी ओरडलो, "शाब्बास! किती खरी वाटते!"

तेवढ्यात कापसाचा एक पेटता पुंजका उडून माझ्या बाहीवर बसला. सदऱ्याला भोक पडलं, आणि माझ्या बी. ए.च्या डोक्यात उजेड.

"पाण्याची गाडी आणा!" मी किंचाळलो.

कोण आणणार? बैल तर फाटकाबाहेर उधळून गेले होते!

पण जिनातल्या बाया कोणाच्या शिटीसाठी थांबल्या नव्हत्या. त्यांनी लोखंडी आकड्यांनी ढीग फोडला, चांगला कापूस मागे ओढला आणि पेटलेल्यावर ओली पोती टाकून तो तुडवला. अर्धा ढीग गेला, जीन वाचलं.

मी भिंतीला टेकून बसलो. हात हापसणाऱ्यांचे दुखत होते, पण दमलो होतो मी.

त्या बायांतली काळ्याठिक्कर तोंडाची राधाबाई पोतं झटकत माझ्यापाशी आली, बंबाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "वारा घालाले आमच्यापाशी सुपं होते ना जी बाबूसायेब. येवढा मोठा बंब काहून ओढत आणला?"