मी पुसलेल्या गायकवाड मॅडम

फोटो खोटे करणं हेच माझं काम होतं. त्यामुळे भुताखेतांच्या फोटोंवर माझा कधीच विश्वास बसला नाही. कुणी फोटोतली 'सावली' दाखवली की दोन मिनिटांत तशीच दुसरी करून द्यायचो. तरीही आज हे लिहितोय...

वारज्यातल्या एका कंपनीत मी सात वर्षं होतो. कंपनी रक्तदाब मोजायची यंत्रं बनवते. पेपरांना पाठवायचे फोटो मी तयार करायचो — चेहरे उजळायचे, भिंतीवरची ओल घालवायची, खाली नावं टाकायची.

नव्या यंत्राची बातमी द्यायची होती. फोटो आधीच काढलेला : साहेब आणि टेस्टिंगची माणसं, एकूण नऊ. मधोमध गायकवाड मॅडम, निळ्या साडीत, चष्मा गळ्यात साखळीला. मी नवीन असताना यंत्र कसं चालतं ते त्यांनीच मला समजावलं होतं. फोटोनंतर पंधरा दिवसांनी त्यांनी त्याच यंत्राच्या कागदांवर सही करायला नकार दिला. "प्रेशर कमी दाखवतंय. याच्या भरवशावर कुणीतरी गोळी बंद करेल," एवढंच म्हणाल्या. आठवड्याभरात त्यांना काढून टाकलं.

"संदेश, फोटोतून त्यांना काढ," पब्लिसिटीच्या केतकी मॅडम म्हणाल्या.

"पुन्हा शूट करू या ना?"

"साहेब पुन्हा इतके हसतील असं वाटतं तुला?"

मी काढलं. शेजारच्या दोघांना जवळ सरकवलं. आठ माणसं, आठ नावं. मेल पाठवून चहाला गेलो.

दुपारी नारायण पेठेतल्या एका पेपरमधून फोन आला. उपसंपादक होते, आवाजावरून वयस्कर.

"अहो, फोटोत माणसं नऊ आणि नावं आठ. मोजायला आपण चुकलात की मी?"

"आठच आहेत सर."

"मग मधल्या निळ्या साडीतल्या बाई आपल्याकडे माणसांत धरत नाहीत का?"

पाठवलेली मेल उघडली... आठ. तरी चुकून मूळ फोटो गेला असेल म्हणून पुन्हा पाठवली.

"याही फोटोत आहेत," ते म्हणाले. "चष्मा गळ्यात अडकवलाय. पान चाललंय, नाव सांगताय?"

आणि मी म्हणालो, "माहीत नाही."

सात वर्षं ओळखत होतो त्यांना! फोन ठेवला आणि स्वतःचीच किळस आली.

सकाळी पेपर आला. बायकोनं, पल्लवीनं, विचारलं, "या मधल्या बाई कोण रे? एकट्याच कॅमेऱ्याकडे सरळ बघतायत." मी पेपर हिसकावून घेतला. माझ्या डोळ्यांना आठच माणसं दिसत होती.

ऑफिसात केतकी मॅडमनी तोच पेपर टेबलावर आपटला. "हा काय आगाऊपणा?" त्यांनी बोट ठेवलं तिथे मला नुसती भिंत दिसत होती. "मी काढलं होतं," मी म्हणालो. त्यांनी माझाच कॉम्प्युटर उघडला. त्यावरही त्यांना बाई दिसत होत्या. संध्याकाळी माझा राजीनामा लिहून घेतला.

घरी मूळ फोटोची कॉपी होती, हात न लावलेली. ती उघडली. त्यातही मला आठच. पल्लवी शेजारी बसून मोजत होती, "नऊ."

डोळे तपासून घेतले, व्यवस्थित आहेत. मित्रांनी फाईलबद्दल हजार गोष्टी सांगितल्या. पण छापलेल्या कागदाचं काय?

आठवड्याने गायकवाड मॅडमचा फोन आला. "संदेश, माझ्यामुळे तुझी नोकरी गेली म्हणे. घरी ये."

कर्वेनगरला गेलो. मला दारातच जवळ घेतलं त्यांनी. "तेवीस वर्षं काम केलं मी तिथे. सगळ्यांनी मान खाली घातली, तू एकट्यानं मला राहू दिलंस."

खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांनी मला भिंतीपाशी नेलं. पेपरचं कात्रण फ्रेम करून लावलं होतं.

"नाव नाही आलं, पण चालेल," त्या म्हणाल्या. "चांगली आलेय ना मी?"

मी बघितलं. साहेब हसत होते. आठ जण.

"हो मॅडम," मी म्हणालो. "छान आलाय."