प्रतापसिंहरावांची अर्धी गोष्ट

प्रतापसिंहराव माने हे नाव ऐकलं की घोड्यावरचा सरदार डोळ्यांपुढे येतो. पणजोबा होतेही संस्थानच्या फौजेत. हे मात्र गेली एकवीस वर्षं समा ते मकरपुरा आमच्या कंपनीची बस चालवतात. आणि चालवता चालवता गोष्टी सांगतात, त्याही कुठल्या, तर जुन्या इजिप्तच्या! मुलगी मोहना युनिव्हर्सिटीत पुरातत्त्व शिकते. ती बापाला सांगते, बाप आम्हाला. चाळीस माणसं मोबाइल खिशात ठेवून ऐकतात, मी पहिल्या सीटवरून.

मार्चमध्ये माझं डोकं फिरायची वेळ आली. माझ्या अमोघनं आणि या मोहनानं लग्न ठरवलं. पोरगी गुणाची, घर माहितीतलं. पण पादरा गावच्या जोशीबुवांनी पत्रिका पाहून सांगितलं, मुलीला कडक मंगळ आहे, नवऱ्याच्या जिवाला धोका. एकुलता एक मुलगा आहे हो माझा! मी घाबरलो, सरळ सांगतो. प्रतापसिंहरावांना म्हटलं, "पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवतो." ते नुसतं "बरं" म्हणाले.

सोमवारी त्यांनी नवी गोष्ट काढली. एका राजाला मुलगा झाला आणि देवींनी भाकीत केलं: याचं मरण मगरीकडून, नाहीतर सापाकडून, नाहीतर कुत्र्याकडून. राजानं पोराला दगडी महालात कोंडलं. पोरानं हट्ट करून कुत्र्याचं पिल्लू पाळलं, मोठा झाल्यावर तो परमुलुखात गेला, राजकन्येशी लग्न केलं आणि तिला सगळं सांगून टाकलं. मग एकदा तो झोपलेला असताना साप आला. बायकोनं वाडग्यात बिअर ठेवली होती. साप ती पिऊन उताणा पडला आणि तिनं त्याचे तुकडे केले.

"सापनी पासे परमिट हती?" मागून मयंकभाई ओरडला. इथं दारू प्यायला सरकारी परमिट लागतं, त्यामुळे बसभर हशा पिकला.

मी नाही हसलो. बायको नवऱ्याला वाचवते म्हणे! पोरीच्या लग्नासाठी या माणसानं गोष्टीत भेसळ केलीय, आणि मला ऐकवतोय! घरी जाऊन अमोघला म्हटलं, "शोध ही गोष्ट." आठ दिवस माझ्याशी न बोललेल्या पोरानं मोबाइल पुढे केला. "तीन हजार वर्षांपूर्वीची आहे, पपा. सापही आहे, बायकोही आहे." मी गुपचूप जेवलो.

शुक्रवारी गोष्टीत मगर आली, तेव्हा बस नेमकी विश्वामित्रीच्या पुलावर होती. या नदीत खरोखरच्या मगरी आहेत; सगळ्यांच्या माना खाली पाण्याकडे वळल्या.

"पछी? पछी शुं थयुं?"

"पुढचं नाही," प्रतापसिंहराव म्हणाले. "ज्या कागदावर लिहिलंय तो तिथंच फाटलाय. हल्लीचे लोक आपापला शेवट जोडतात. कुणी त्याला वाचवतं, कुणी मारतं."

"तो तमे जोडो ने!" बस कल्ला करू लागली. "बायको वाचवते म्हणा, झालं!"

त्यांनी आरशात पाहिलं, माझ्याकडेच. आज माझी मुदत संपत होती. एक वाक्य जोडलं असतं तर चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि त्या टाळ्यांत मी नाही कसं म्हणणार होतो?

"नाही हो," ते म्हणाले. "मला माहीत नाही ते कसं सांगू?"

जोशीबुवांना पुढचं सगळं माहीत होतं. आणि ज्याच्या लेकीचं सुख टांगणीला लागलं होतं, तो एक ओळ जोडायला तयार नव्हता. मला माझीच लाज वाटली.

मकरपुऱ्याला सगळे उतरले. मी बसून राहिलो. त्यांनी इंजिन बंद केलं.

"उतरायचं नाही, श्रीपतराव?"

"ती राहिली का त्याच्याबरोबर? सगळं माहीत असून?"

"राहिली. कागद आहे तिथपर्यंत राहिली."

"मग तेवढं पुरे आहे मला. रविवारी मोहनाला घेऊन घरी या, व्याही. साखरपुड्याचं बोलू."

त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं, तसा हॉर्न वाजायला लागला. गेटवरचा वॉचमन धावत आला तरी त्यांनी डोकं वर उचललं नाही.