राजाची तब्येत आणि आईचं लोणचं

अमेरिकेला निघाले तेव्हा आई-बाबांनी मला निरोप दिला तो आखातातल्या विमानतळावर. तिथे राजाची भिंतभर तसबीर होती. तिच्याकडे पाठ करून बाबा हळूच म्हणाले, "सुटलीस बाई! आता कोणाच्या तब्येतीची काळजी नको."

बाबा तिथल्या रिफायनरीत फिटर. राजा दवाखान्यात गेला की आमच्या कॉलनीत सगळ्यांचे चेहरे उतरायचे. गादीवर कोण येईल, परदेशी माणसं ठेवील की हाकलेल, कोणास ठाऊक! मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. आई देवापुढे पुटपुटायची, "म्हाताऱ्याला औक्ष दे रे बाबा." आणि त्या वर्षी कैरीचं लोणचं घालायचीच नाही. म्हणायची, "मुरेपर्यंत इथे असू याचा काय भरवसा? बरणी काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

बाबा रिटायर झाल्यावर ते दोघं चिपळूणला परतले. दादा मात्र त्याच रिफायनरीत लागला, आणि मी इथे अमेरिकेत, फ्रीमाँटला.

परवा आताचा राजा, त्या म्हाताऱ्याचा मुलगा, आजारी पडल्याची बातमी आली आणि इथे गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, महागला. लंचला आमच्या टीममधली केली नावाची अमेरिकन बाई, जी एरवी लोकशाहीवर तावातावानं बोलते, सॅलड चिवडत म्हणाली, की तो राजा बरा व्हायला हवा, नाहीतर रोजचा ड्राइव्ह परवडणार नाही. मला आईच आठवली. रागही आला. अगं, तुझा गॅस महागेल, माझ्या भावाचं अख्खं बिऱ्हाड उठेल! पण बोलले नाही. आणि खरं सांगू? घरी जाताना मीही टँक फुल करून घेतला.

रात्री, तिथली सकाळ गाठून, दादाकडे फोन केला. फोनवर राजाचं नाव काढायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. वहिनीनं उचलला. विचारलं, "वहिनी, यंदा लोणचं घातलंस का?"

ती म्हणाली, "कैऱ्या आणल्यात. तुझा दादा म्हणतो, थांब. मी म्हटलं, मरू दे, घालतेच! पोरांच्या शाळा आहेत, जायचंय कुठे?"

मला भरून आलं. तेवढ्यात तिनं सहज विचारलं, "आणि तू गं? तुमच्याकडे तर राजाबिजा नाही. दर वर्षी घालत असशील."

आमच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन दर खेपेला लटकतं, ग्रीन कार्डची रांग हलत नाही. इथे आल्यापासून मी लोणचं विकतच आणते, तेही सर्वांत छोट्या बाटलीतलं. छोटीच का, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी इंडियन स्टोअरमधून कैऱ्या आणल्या. लेक म्हणाली, "मॉम, वुई कॅन जस्ट बाय इट!" मी फोडी करत राहिले.

व्हिसाचं अजून काही कळलेलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात बरणी आहे, तोंडाला फडकं बांधलेली. माझं घर सध्या तेवढंच. मुरेपर्यंत आम्ही इथेच आहोत, असं या खेपेला मीच ठरवून टाकलंय.