दिलीपरावांची येनिसेई

दिलीपराव गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी एमआरटीच्या गाडीत होतो, आणि खरं सांगतो, आधी तोही मला खोटाच वाटला. माझा स्वभावच संशयी. ‘बाबा, यू नेव्हर बिलीव्ह एनीवन लाह,’ असं माझी लेक म्हणते ते उगाच नाही. जन्मभर जहाजांवर इंजिनियर म्हणून राबलेला हा धडधाकट माणूस वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा पिता पिता जाईल, हे मनाला पटेचना.

सैबेरियातली येनिसेई नदी हा त्यांचा हुकमी विषय. लाकूड भरायला त्यांचं जहाज एकदा तिच्या पात्रातून पार आत गेलं होतं म्हणे. "अरे, ती उत्तरेकडे वाहते," ते सांगायचे. "वरच्या अंगाचा बर्फ आधी वितळतो, मुखाशी अजून गोठलेलंच. मग पाणी जाणार कुठं? काठ सोडून पसरतं." उजवा काठ उंच, डावा सपाट आणि दलदलीचा, जमीन खाली कायमची गोठलेली, म्हणून मुळं खोल जात नाहीत आणि झाडं कशीही कललेली, उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही... मी हळूच फोनवर एकेक तपशील पडताळून पाही. सगळं बरोबर निघे, आणि म्हणूनच माझा संशय बळावे. डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारा माणूस एखादी तरी चूक करतोच.

एका गणपतीत, पासिर रिसला एकांच्या घरी, भरल्या पंगतीत मी विचारलं, "दिलीपराव, इंजिनरूमला खिडकी असते का हो?" सगळे हसले. तेही हसले... पण त्यानंतर येनिसेईचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नाही. मला ते कळत होतं, तरी मी माफी मागितली नाही.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. जित्याची खोड, तिथंही विचारलंच, "वहिनी, ते खरंच गेले होते का तिथं?"

"गेले होते हो. पण नदी कुठं दिसली त्यांना! इंजिन सारखं कुरकुरत होतं, जाता-येता खालीच अडकलेले. वरून कुणी उतरलं की विचारायचे, आता काय दिसतंय?"

म्हणजे मी बरोबर होतो. बरोबर असण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

वहिनींनी कपाटातून बोटभर लांबीची झाडाची साल काढली. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घेतात, त्या पाइपच्या जाळीत अडकलेली. त्या नदीतलं त्यांनी स्वतः पाहिलेलं एवढंच.

"रोज हुंगायचे. राळेचा वास येतो म्हणायचे. मला कधीच आला नाही. तुम्हाला येतो?"

मी साल नाकाशी धरली. वासबीस काही नव्हता.

"येतो," मी म्हणालो.

वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा एकदा हुंगून पाहिली.