साक्षगंधातले गुलाबी दात

माझे दात गुलाबी झाले त्या दिवशी मी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला नव्हता. हे वाक्य मी त्या दुपारी चाळीसेक वेळा म्हटलं आणि एकदाही ते कुणाला पटलं नाही.

माझी मुलगी पायल नववीत आहे. शाळेत दातांची तपासणी झाली आणि सरकारी दवाखान्यात न्या, अशी चिठ्ठी आली. वाडीच्या गोदामातून अर्धी सुट्टी टाकून मी तिला घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाढांच्या खाचा बुजवून टाकू. मग कीड लागणार नाही."

"म्हणजे अजून लागली नाही?"

"नाही."

"दुखून पण नाही राहिलं. मग इलाज कायचा करून राहिल्या, मॅडम?"

"दुखू नये, त्याचा."

(आमच्या गोदामात ट्रक बंद पडल्याशिवाय मेकॅनिकला कुणी बोलावत नाही. मला हे सगळं फारच शहाणपणाचं वाटलं.) निघताना बाईंनी पायलला दोन लाल गोळ्या दिल्या आणि काहीतरी समजावून सांगितलं. मी तेव्हा गाडीची किल्ली शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी लकडगंजला माझ्या साळ्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. मुलाच्या वडिलांनी आधीच विचारून ठेवलं होतं, "घरात कोणाले व्यसन नाही ना?" माझ्या सासऱ्यांनी छातीठोकपणे 'नाही' सांगितलं होतं, ते माझ्या भरवशावर. तीन महिन्यांपूर्वी मी त्यांच्यासमोर खर्रा सोडल्याची शपथ घेतली होती. (आणि पाळलीही होती. हे एकेचाळिसाव्यांदा.)

सकाळी माझा घसा बसला होता. फ्रीजवर दोन लाल गोळ्या दिसल्या. घशाच्या असतील म्हणून निघता निघता दोन्ही एकदमच चावल्या. चव बरी होती.

दारात पाहुण्यांचं स्वागत माझ्याकडे होतं. मी तोंडभर हसून "या, या" म्हटलं आणि मुलाच्या काकांचा नमस्कार अर्ध्यातच थांबला. बायकोनं मला खांबामागे ओढलं.

"तोंड उघडा."

"काहून?"

"उघडा म्हणते ना." मग तिचा आवाज बारीक झाला. "आजच खाल्ला? माझ्या माहेरीच सापडलं तुमाले?"

मी बेसिनकडे धावलो आणि चुळा भरल्या. दात होते तसेच राहिले, वर ओठ आणि पांढरा रुमालही रंगला. मागे सासरे उभे होते.

"जावईबापू, सोडला म्हणत होते ना?"

"खरंच नाही खाल्ला, मामाजी."

मामाजी मुलाच्या वडिलांकडे पाहत होते आणि मुलाचे वडील माझ्याकडे.

तेवढ्यात पायल आली. "बाबा, फ्रीजवरच्या गोळ्या तुम्ही खाल्ल्या काय?"

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. "हो गं माय. सांग सगळ्यांले, जरा जोरात."

"दवाखान्यातल्या गोळ्या आहेत त्या," पायलनं सांगितलं. "खर्रा नाही."

मंडपानं श्वास सोडला. मुलाचे वडील चक्क हसले. शहाण्या माणसानं इथं थांबायचं असतं. पण माझी अब्रू नुकतीच परत आली होती आणि मला ती मिरवायची होती. मी म्हटलं, "आता हेही सांग, कायच्या गोळ्या होत्या."

"दात कुठं नीट घासले नाही, ते समजायच्या. जिथं मळ राहिला, तिथं लाल होते."

सगळ्यांनी पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मुलाची आत्या फार अदबीनं म्हणाली, "पण यांचे तर सगळेच लाल आहेत."

"खर्रा परवडला असता, जावईबापू," मामाजी म्हणाले.

साक्षगंध झालं, आनंदात झालं. सोमवारी पायल मला दवाखान्यात घेऊन गेली. बाई प्लास्टिकचा मोठा जबडा घेऊन आठवी-नववीच्या मुलांना ब्रश कसा फिरवायचा ते शिकवत होत्या. मला दोन मुलांच्या मधे बसवलं. नाव नोंदवताना कागदावर 'सोबत आलेले पालक' असा रकाना होता. पायलनं तिथं स्वतःचं नाव लिहिलं. मी हरकत घेतली नाही. माझ्या तोंडात ब्रश होता.